तीन तारी पाक

माझं नाव मी पहिल्यांदा छापलेलं पाहिलं ते पुंजारामाच्या पुस्तकांच्या दुकानात. दिवाळीला नऊ दिवस होते. त्यानं पिवळ्या पुठ्ठ्याचं एक पातळ पुस्तक माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाला, "सतरावं पान काढ रखमाजी. कोणी ओळखीचं भेटतं का बघ." मी वाचताना ओळीखाली बोट धरतो. पंचेचाळिशीत अक्षर शिकलेल्या माणसाचं बोट कागदावरून उठत नाही. 'बेसनाची चक्की' एवढं मोठ्या अक्षरांत होतं आणि त्याखाली लहान अक्षरांत, 'रखमाजी आचारी, जुना जालना, यांनी सांगितल्याप्रमाणे'. मी ते दोनदा वाचलं. छातीत काहीतरी कोमट पसरलं, थंडीत भट्टीजवळ गेल्यावर पसरतं तसं. माझ्या बापाचं नाव कधी कुठं लिहिलं गेलं असेल तर पटवाऱ्याच्या कागदावर, तेही उर्दूत, आणि ते त्याला दिसलं नव्हतं. आणि माझं हे असं, विकायच्या पुस्तकात. बोट आपोआप खाली सरकत गेलं. बेसन जाड घ्यावे. तूप व दूध चोळून ते चाळावे. मंद आचेवर बदामी भाजावे. सहाव्या ओळीवर बोट थांबलं. 'साखरेचा पाक तीन तारी करावा.' बोट तिथंच राहिलं, आणि मघाचा कोमटपणा छातीतून गेला तो कुठं गेला कळलं नाही.

कारण ते खोटं होतं, आणि ते खोटं माझंच होतं. चक्की म्हणजे मारवाड्यांची बेसनवडी, तिचा पाक दोन तारी लागतो. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये पाकाचा थेंब धरून बोटं हळूच उघडली की दोन तारा दिसल्या पाहिजेत, त्याच घटकेला भाजलेलं बेसन आत गेलं पाहिजे. तिसरी तार दिसली म्हणजे संपलं. थाळीत ओतेपर्यंत ते घट्ट होतं, सकाळी सुरी चालत नाही, दात चालत नाही. हे मला चौतीस वर्षांपासून माहीत होतं. आणि कोणी विचारलं की मी तीन सांगत आलो होतो.

"काय रे, बोलती बंद झाली का?" कचरूलालशेठ गादीवरून म्हणाले. त्यांच्याच घरच्या भट्टीवर मी मिठाई करतो. शेठजी पुंजारामाच्या गादीवर तक्क्याला टेकून बसले होते आणि त्यांच्यापुढं चार पुस्तकं पडली होती. त्यांना दोन्ही लेकींना दिवाळीची भेट पाठवायची होती आणि ती भेट म्हणजे स्वयंपाकाचं पुस्तक. असलं कधी कोणी ऐकलं नव्हतं. पण धाकटी चंदनबाई सेलूला दिली होती, लग्नानंतरची ही तिची सासरची पहिली दिवाळी, आणि तिचं पत्र आलं होतं. शेठजींनी ते मला वाचायला दिलं होतं, मला वाचता येतं याचं त्यांना अजून नवल होतं म्हणून. बाबूजी, यंदा साडी नको, पक्वान्नांचं चांगलं पुस्तक पाठवा. पाडव्याला सकाळी रामराम करायला गावातली पंधरा घरं येतात आणि नव्या सुनेच्या हातची चक्की त्यांच्यापुढं ठेवायची असते. सासूबाई म्हणाल्या, आम्ही शिकवणार नाही, माहेरचं काय आणलंस ते दिसू दे. आई नाही, मी कोणाला विचारू? मग शेठजींना वाटलं, एकीला पाठवलं तर दुसरीला राग येईल, थोरल्या पानबाईलाही एक द्यावं. आणि मला म्हणाले, "तू चल. तू पाकातला माणूस अन् आता वाचतोस पण. पाहून सांग कोणतं बराबर आहे."

आम्ही तासभर पाहत होतो. पहिलं मुंबईचं जाड पुस्तक होतं, त्यात रंगीत चित्र होतं. शेठजींना चित्र आवडलं, पण मी पानं उलटली तर अर्ध्यात अंडी आणि मासे निघाले. शेठजींनी ते धोतराच्या सोग्यानं बाजूला सारलं, हात न लावता. दुसरं इंदूरकडचं हिंदी होतं, त्यात प्रत्येक भाजीत कांदा-लसूण, आणि सेलूची माणसं चातुर्मासात बटाटासुद्धा खात नाहीत. तिसरं पुण्याचं, सोवळं, चांगल्या कागदाचं. पण त्यात सगळीकडे 'अंदाजाने' लिहिलेलं होतं. तूप अंदाजाने, आच अंदाजाने, साखर अंदाजाने. शेठजी म्हणाले, "पोरीला अंदाज असता तर तिनं पुस्तक कशाला मागितलं असतं?" पुंजाराम पोट धरून हसला. आणि मग त्यानं ते चौथं काढलं, मला अक्षर शिकवणाऱ्या बद्रीनाथ गुरुजींनी जमवलेलं, महिन्यापूर्वीच छापून आलेलं. कांदा नाही, लसूण नाही, सगळं तोलामापानं. आणि सात कृतींखाली माझं नाव.

"हेच," शेठजी म्हणाले. "दोन दे. अरे, माझ्या घरच्या भट्टीचा माणूस, अन् मी पोरींना पुण्या-मुंबईचं पाठवू?"

मी म्हणालो, "शेठजी, पुण्याचं बरं होतं. कागद टिकाऊ आहे."

"कागद खायचा आहे का पोरीला?"

"न्हाई, मी म्हणून राह्यलो, त्यात पदार्थ ज्यादा हायेत."

"रखमाजी लाजून राह्यला," पुंजाराम म्हणाला. "नवरीसारखा." आणि त्यानं दोन्ही पुस्तकं जुन्या वर्तमानपत्रात बांधली, सुतळीची गाठ मारली आणि पुडकं माझ्याच हातात दिलं.

तेव्हा बोलता आलं असतं. पण पुंजारामासमोर बोललो असतो तर ते संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात गेलं असतं, असं मी मला सांगितलं. मग रस्त्यात बोलू. रस्त्यात शेठजी पुढं आणि मी मागं, आणि शेठजी दर दहा पावलांवर थांबत होते. कापडाच्या दुकानापुढं थांबले, "आपल्या रखमाजीचं नाव छापलं बरं का!" धान्याच्या आडतीपुढं थांबले, "दाखव रे यांना." मी दाखवलं नाही, म्हणालो गाठ पक्की आहे. लोक माझ्याकडं पाहून हसत होते, चांगलं हसत होते, एकानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला ती थाप मार बसल्यासारखी लागली. पुडक्याला घाम सुटला होता. घाम हाताचा होता, पण मला वाटत होतं की पुडक्याचाच आहे.

मी कुंभार पिंपळगावचा. बारा वर्षांचा असताना जालन्याला आलो आणि एका म्हाताऱ्या मारवाडी महाराजाच्या, म्हणजे आचाऱ्याच्या, हाताखाली लाकडं फोडायला लागलो. त्यांच्या घरातलं रोजचं अन्न आमच्यासारख्याच्या हातचं चालत नाही, पण तुपातलं पक्कं, मिठाई, ते अंगणातल्या भट्टीवर कोणीही केलेलं चालतं. त्या एवढ्याशा फटीतून मी आत शिरलो. महाराजानं मला कधी काही शिकवलं नाही. तो पाक पाहताना माझ्याकडं पाठ करायचा. मी कढई घासायच्या आधी झारा चाटायचो आणि जिभेवर पाक किती चिकटतो त्यावरून ओळखायचो. सात वर्षं लागली. मरताना तो एवढंच म्हणाला की सगळ्यांना सगळं सांग, एक हातात ठेव, नाहीतर तुला कोण बोलावील? जालन्यातले सगळे आचारी असंच करतात. कोणी पिठातलं तुपाचं मोहन कमी सांगतो, कोणी भिजवायचा वेळ. त्याला आम्ही खोटं म्हणत नव्हतो. सोनार तराजू स्वतःकडं ठेवतो तसं ते होतं. मला शेत नव्हतं, जात नव्हती, एक तार होती.

आणि पानबाईच्या लग्नात भगवतीदेवींनी मला विचारलं. भगवतीदेवी म्हणजे शेठजींच्या पत्नी. चौदा वर्षं झाली. पाठवणीच्या आदल्या दुपारी त्या कोठीच्या दारात उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर पुढं ओढून, आणि म्हणाल्या की रखमाजी, पोर उद्या चालली, तिला चक्की तरी यावी, मला सांगून ठेव, मी तिला पाठ करून देते. त्यांना लिहिता येत नव्हतं, मलाही नव्हतं. मी सांगत गेलो आणि त्या एकेक गोष्ट बोटाच्या पेरावर मोजत गेल्या. पाकाला आलो तेव्हा त्यांचा अंगठा मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर होता. पाक किती तारी? त्यांनी विचारलं. मी तीन म्हणालो. विचार करून म्हणालो नाही. तोंडाला ते वळण होतं. त्यांनी अंगठा तिसऱ्या पेरावर सरकवला आणि पुन्हा म्हणून पाहिलं, तीन तारी. तो अंगठा मला अजून दिसतो.

पानबाई परतूरला दिली होती. पहिल्या दिवाळीला तिच्या चक्कीवर सासऱ्याचा दात हलला. घरात तिला दगडूबाई म्हणायला लागले. चेष्टेत म्हणायचे, पण चौदा वर्षं चेष्टा चालली. तिला पुन्हा गोडाच्या चुलीशी बसू दिलं नाही. सणावाराला जाऊ करायची आणि ही डाळ दळायची, भांडी काढायची. दुसऱ्या वर्षी माहेरी आली तेव्हा तिनं मला अंगणात विचारलं, "काका, माझी चक्की दगड का होते?" मी कढईत पाहत म्हणालो, "हात बसावा लागतो, बाई." तेव्हा सांगितलं असतं तर एका वर्षाचं होतं. नंतर ते दोन वर्षांचं झालं, मग पाचाचं. जितकं जुनं होत गेलं तितकं जड होत गेलं, आणि मग मी ते उचलायचा विचारही सोडला.

मग पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, आणि दोन-तीन वर्षांनी बद्रीनाथ गुरुजींनी मोठ्या माणसांचा वर्ग काढला. संध्याकाळी शाळेच्या पडवीत आम्ही बारा-पंधरा जण लहान पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून बसायचो. गुरुजी म्हणायचे, अंकलिपी पोरांसाठी. तुम्ही तुमच्या कामाचं सांगा, मी फळ्यावर लिहितो, तेच वाचायला शिका. माझी पाळी आली तेव्हा मी चक्की सांगितली. पाकापाशी आलो. समोर कोण होतं? एक मास्तर, ज्याला चक्की करायची नव्हती. खरं सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं? पण तोंडानं तीन म्हटलं, आणि गुरुजींनी खडूनं ते फळ्यावर लिहिलं. मी 'त' ओळखायला शिकलो तो त्या 'तीन'मधला. 'न' तिथलाच. तीन महिने मी ते वाक्य पाटीवर गिरवत होतो, आणि एकदाही मनात आलं नाही की मी काय गिरवून राह्यलो आहे. अक्षराचाच आनंद इतका होता. पुढं सांगितलेल्या सहा मिठायांसकट गुरुजींनी ते सगळं वहीत उतरवून ठेवलं, चांगल्या मनानं ठेवलं, आणि आता ते पिवळ्या पुठ्ठ्यात माझ्या हातात होतं.

शेठजींच्या घरी पोचलो तर पानबाई अंगणातच होती. तिला शेठजींनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती सेलूला जाऊन चंदनबाईची भेट पोचवणार होती आणि तिथून परतूरला परत. तिच्या कानांमागं केस पांढरे झाले होते. शेठजींनी पुडकं माझ्या हातून घेऊन तिच्या ओंजळीत दिलं, म्हणाले, "एक तुझं, एक छोटीचं. आत कोणाचं नाव आहे पहा," आणि बैठकीत जाऊन आडवे झाले. मी भट्टीकडं गेलो. लाकडं आधीच रचलेली होती, बेसन भाजून परातीत निवत होतं, आज पाच शेर चक्की पाडायची होती. मी काड्या ओढत बसलो आणि पाठीमागं सुतळी सुटल्याचा, मग कागद फाटल्याचा आवाज ऐकला. पानबाई चौथीपर्यंत शिकलेली, ती भरभर वाचते. मी मनात तिच्या ओळी मोजत होतो. आता जाड बेसन. आता दूध. आता बदामी रंग.

"काका," ती म्हणाली.

मी वळलो नाही.

"काका, हे तर बराबर तेच आहे. आईनं मला सांगितलं होतं ते. अक्षरन् अक्षर." आणि ती हसली. ते हसणं मी कधी विसरणार नाही, कारण त्यात सुटका होती. "मी चौदा वर्षं म्हणत होते, आई काही विसरली असेल. तिला लिहिता येत नव्हतं ना. मनातल्या मनात किती शिव्या दिल्या तिला! पण तिनं तर तीनच सांगितलं होतं. आता छापूनच आलं. म्हणजे सासू म्हणते ते खरं. माझाच हात दगडाचा."

मला वाटलं होतं की पुस्तकामुळं चंदनबाईचं वाईट होईल, आणि मी वाटभर तेवढाच हिशेब करत आलो होतो, की एका कागदाच्या चिठ्ठीवर खरं लिहून पुस्तकात सरकवावं, कोणाला न कळता, झालं. पानबाईचं जे व्हायचं ते झालेलं आहे, असं मी धरून चाललो होतो. पण ते झालेलं नव्हतं. ते आत्ता, माझ्या पाठीमागं, होऊन राह्यलं होतं. इतकी वर्षं तिच्याजवळ एक शंका होती, आणि त्या शंकेच्या आधारानं ती उभी होती. ती आता तिनं आपल्या हातानं मिटवून टाकली, माझ्या नावाच्या भरवशावर. मी काडी भट्टीत टाकायच्या ऐवजी हातात धरून बसलो होतो. ती बोटापर्यंत जळत आली.

"पुस्तक ठेवा, बाई," मी म्हणालो. "इकडं या. हात धुऊन या."

"मी? दगडूबाईला भट्टीवर बसवता?"

"या म्हणतो ना."

ती आली. मी भट्टी पेटवली, साखर आणि पाणी चढवलं, मळी काढली, आच ओढून बारीक केली. पाक आधी पाण्यासारखा उड्या मारतो, मग त्याचे बुडबुडे जड होतात, मग आवाज बदलतो. मी झाऱ्यावरचा थेंब तिच्या अंगठ्यावर ठेवला. तिनं चटका सोसला. "उघडा," मी म्हणालो. एक तार आली आणि तुटली. थोडं थांबलो. पुन्हा थेंब. या वेळी दोन आल्या, केसांसारख्या, थरथरत.

"आता टाका बेसन."

"अजून एक तार राहिली ना?"

"न्हाई राहिली."

"पुस्तकात..."

"पुस्तकात म्या खोटं सांगितलं," मी म्हणालो. माझाच आवाज मला दुसऱ्याचा वाटला. "पहिल्यापासून खोटं. बाईसाहेबांनाही खोटंच सांगितलं. चक्कीला दोनच लागतात. बेसन टाका, न्हाईतर हा घाणा पण जाईल."

तिनं टाकलं. हे मला नंतर फार आठवत राहिलं, की आधी तिनं बेसन टाकलं. परात दोन्ही हातांनी उचलून, सांडू न देता, आणि मी सांगितलं तसं घोटलं, आणि थाळीत ओतलं, आणि थाळी जमिनीवर आपटून सारखी केली. मग ती उभी राहिली. तिच्या तोंडावर आच होती, दुसरं काही दिसत नव्हतं.

"आईला माहीत होतं?"

"न्हाई."

"मरेपर्यंत ती म्हणत होती, माझ्या पोटी दगड जन्मला. तुम्ही ऐकलं आहे ते."

मी ऐकलं होतं. शेवटच्या आजारात भगवतीदेवींनी माझ्याजवळच चक्कीचा तुकडा मागितला होता आणि हेच शब्द म्हणाल्या होत्या, आणि मी तुकडा बारीक करून त्यांच्या वाटीत घातला होता.

"का?" पानबाई म्हणाली.

मला महाराजाचं सांगता आलं असतं, धंद्याची रीत सांगता आली असती. ती सगळी खरी होती. पण ती तिच्यासमोर तोंडातून निघेना. मी म्हणालो, "मला वाटलं, तुम्हाला आली तर मला कोण बोलावील."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग ती बैठकीच्या पडवीत गेली, आतून शिसपेन्सिल घेऊन आली आणि एक पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं. "हे चंदनचं. सात जागी नाव आहे तुमचं. सातही जागी काय लपवलं ते लिहा. पहिल्यापासून."

मी लिहायला बसलो. माझा हात लिहिताना हळू चालतो आणि ती वर उभी होती. घेवराच्या पिठाला पाणी विहिरीचं गार पाहिजे, तिथं मी कोमट सांगितलं होतं. बालूशाहीचं पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं, तिथं मी तासभर मळायला लावलं होतं. एकेक खोडून वर खरं लिहीत गेलो, माझ्या वाकड्या अक्षरात. प्रत्येक वेळी ती विचारत होती, "आणखी?" मी म्हणत होतो, "बस, ह्यात एवढंच." सतराव्या पानावर आलो. 'तीन' खोडताना शिसाचं टोक मोडलं. दगडावर घासून टोक काढलं आणि वर 'दोन' लिहिलं. मग मी दुसऱ्या पुस्तकाकडं हात नेला.

तिनं ते ओढून घेतलं. "हे माझं आहे. यात काही करू नका."

"पण बाई, तुम्हाला..."

"मला आता येतं. हे असंच राहू द्या. तुम्ही खोडलं तर मी काय केलं होतं ते सासूला कशावरून दाखवू? चौदा वर्षं मी बराबर हेच केलं, तिनं वाचावं तरी."

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं. मी पुढचा पाक चढवला, कारण कामं थांबत नाहीत आणि हातांना काहीतरी पाहिजे होतं. थाळी निवली होती. पानबाईनं सुरी घेतली. सुरी आधी तिनं नुसती टेकवली, दाबली नाही, मोडेल की काय अशी. मग दाबली. ती आत गेली. तिनं एक चौकोन काढला, तो कडेला सुटला, आत दाणा दिसत होता, रवाळ, ओलसर. तिनं तो स्वतः खाल्ला नाही, माझ्यापुढं धरला.

मी खाल्ला. "कशी?" तिनं विचारलं.

"बराबर झाली. बिलकुल बराबर."

ती माझ्या डोळ्यांत पाहत होती. "हे तरी खरं बोलून राह्यले का?"

जे काही बोललो असतो ते त्याच तोंडातून आलं असतं. तिनं ताटलीत चार चौकोन ठेवले आणि पदर सावरून बैठकीत गेली. दार उघडंच होतं. शेठजी उठून बसल्याचा आवाज आला, खोकल्याचा, मग खाण्याचा. मी झारा हातात धरून ऐकत होतो. "वा!" शेठजी म्हणाले. "पाना, हा हात लपत नाही. पन्नास घरची चक्की आणून ठेव, रखमाजीची कोणती ते मी डोळे मिटून सांगीन."

पानबाई काही बोलली नाही. मी वाट पाहिली. ती बोलली असती तर तिचं श्रेय तिनंच घेतलं असतं आणि मी भट्टीशी बसून राहिलो असतो, तेही मला चाललं असतं, हे मला तिथंच कळलं आणि त्याची लाज वाटली. बांगडीचाही आवाज नव्हता. कढईत पाकाचे बुडबुडे जड होत आले होते. पाक चढवून आचारी भट्टी सोडत नाही. आधी कढई उतरवतो, मग पुढचं. पण मी मला ओळखतो. कढई उतरवली असती, मग आच ओढली असती, मग हात धुतले असते, मग हात पुसायला फडकं शोधलं असतं, आणि तोवर शेठजी पुन्हा आडवे झाले असते. मी झारा कढईतच सोडला आणि उठलो.

बैठकीच्या उंबऱ्याच्या आत मी कधी गेलो नव्हतो. त्या दिवशीही उंबऱ्यावरच थांबलो, पण एक पाय आत पडला. शेठजींच्या हातात अर्धा तुकडा होता. "ये रे, तुझीच तारीफ चालली आहे," ते म्हणाले.

"ती चक्की माझी न्हाई, शेठजी. पानबाईनं केली. पाक म्या चढवला, बाकी सगळं तिनं. अन् आजवर तिची जेवढी बिघडली तेवढी म्या बिघडवली."

शेठजींचं तोंड चावता चावता थांबलं. ते एकदा लेकीकडं पाहत होते, एकदा माझ्याकडं. पानबाई भिंतीला टेकून उभी होती, पुस्तक छातीशी धरून. तेवढ्यात अंगणातून करपल्याचा वास आला, आधी गोड आणि मागून कडू, आणि तो तिघांनाही एकाच वेळी आला.

"काका," पानबाई म्हणाली, "पाक."

"जळू द्या," मी म्हणालो, आणि शेठजींना पाठवणीच्या आदल्या दुपारपासून सांगायला लागलो.